मंडई पाडायच्या आधी ती रिकामी करतात, खरी लढाई तिथं असते

एका तरुण गाळेधारकानं विचारलंय, थोडक्यात असं: कोल्हापुरात वडिलांचा महापालिकेच्या जुन्या मंडईत गाळा आहे, दगडी भिंती, वर कौलं, आजोबांच्या काळापासनं धंदा तिथंच. आता ऑडिट झालंय म्हणे, इमारत धोकादायक, खाली करा, मग तळाला पार्किंग आणि वर कॉम्प्लेक्स होणार अशी चर्चा. तालमीतली पोरं म्हणतात मोर्चा काढू, ओळखीचा वकील म्हणतो डायरेक्ट कोर्टात जाऊ, वडील म्हणतात कशाला नादी लागतोस, नवीन गाळा मिळेल की. आता काय करू?

भावा, वयानं लहान दिसतोस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, तीस वर्षं झाली या धंद्यात, त्यातली निम्मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीत गेली आणि उरलेली संध्याकाळ कृती समित्यांच्या बैठकीत चहा पिण्यात. जिंकलेल्या लढाया हाताच्या बोटांवर, हरलेल्या मोजायला पायाची पण लागतील. त्यामुळं जे सांगतोय ते ठेचा खाऊन सांगतोय.

पहिली गोष्ट डोक्यात घट्ट बसव. इमारत जेसीबी आल्यावर जात नाही, ती आधीच गेलेली असते. आधी छपराची दुरुस्ती थांबते, मग संडास बंद, मग एका कोपऱ्यातली लाईट जाते ती येतच नाही, कोपऱ्यातले दोन गाळे रिकामे होतात ते कुणाला दिले जात नाहीत, गिऱ्हाईक म्हणतं काय वास मारतोय तिथं, आणि मग एक दिवस रिपोर्ट येतो की धोकादायक. तोवर आत वीस टक्के लोक पण राहिलेले नसतात, मग रडणार कोण? जेसीबीसमोर झोपायला कुणीतरी आत असावं लागतं. म्हणून तुझी लढाई पाडायच्या दिवशीची नाही, खाली करायच्या दिवशीची आहे. कोण खाली करतोय, कशाच्या जोरावर, किती दिवसांसाठी, आणि परत कधी, ह्या चार प्रश्नांची उत्तरं सही-शिक्क्यासकट हातात आल्याशिवाय शटर खाली ओढायचं नाही.

आता ऑडिटकडं येऊ, कारण तुझं घोडं तिथंच पेंड खातंय.

धोकादायक हा एक शब्द नाही, त्याचे चार प्रकार आहेत. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं वर्गवारी ठरवून दिली, सी-१ म्हणजे ताबडतोब खाली करून पाडायची, सी-२-ए म्हणजे खाली करून मोठी दुरुस्ती करायची, सी-२-बी म्हणजे खाली न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. बाजारात आणि पेपरात सगळ्याला एकच शब्द, धोकादायक. तुझी इमारत सी-१ आहे का सी-२-ए हे तुला माहितीय का? नसेल तर आधी ते शोध. कारण सी-२-ए असेल तर पाडायचा प्रश्नच येत नाही, दुरुस्तीचा येतो, आणि दुरुस्ती झाली की परत आत जायचा हक्क येतो. दोन अक्षरांचा फरक आहे पण अख्खं आंदोलन त्या दोन अक्षरांवर उभं राहतं.

सी-१ असेल तरी हातपाय गाळू नको, रिपोर्ट उघडून चाचण्यांचं पान बघ. मी पाहिलेल्या अशा रिपोर्टात बऱ्याचदा काय असतं, तर रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक. ह्या दोन्ही चाचण्या काँक्रीटच्या आहेत रे बाबा! आपल्याकडची जुनी भिंत म्हणजे बाहेरून घडीव काळा दगड, आतून घडीव दगड आणि मधे चुना-दगडगोट्यांची भर. त्यावर हॅमर मारला तर तो फक्त समोरच्या दगडाचा कडकपणा सांगणार, आणि आपला काळा दगड तर कडकच असतो, भिंत मधे पोकळ झालीय का ते त्याला काय कळणार. अल्ट्रासॉनिकचं उलटं, मधल्या भरीतनं तो आवाज नीट जातच नाही, मग आकडा कमी येतो आणि लिहिलं जातं की क्वालिटी पुअर. शंभर वर्षांच्या भिंतीला काँक्रीटच्या फुटपट्टीनं मोजून नापास करायचं, म्हणजे पैलवानाला इंग्लिश स्पेलिंगच्या परीक्षेला बसवून नापास करण्यातला प्रकार.

मग बघायचं काय असतं? भिंत ओळंब्यातनं किती बाहेर गेलीय. भेगा जुन्या का वाढत्या. ह्याला यंत्र लागत नाही, भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवायची, तारीख घालायची, तीन-चार महिन्यांनी बघायचं, काच तुटली असेल तर भेग चालू आहे, शाबूत असेल तर भेग तुझ्या आजोबांच्या वेळचीच आहे. पट्टी बसवायच्या आधी मार्केट इन्स्पेक्टरला सांगून ठेव, नाहीतर तोडफोड केली म्हणून तुझ्यावरच शेकायचं. लाकडी तुळया मधे क्वचितच जातात, जातात त्या टोकाला, जिथं त्या भिंतीत शिरतात तिथं, कारण कौल फुटलं की पाणी बरोबर तिथं उतरतं. ते कुजलेलं टोक कापून नवीन सागवानी तुकड्याचा जोड देता येतो, बाजूनं लोखंडी पट्ट्या मारता येतात, अख्खं छप्पर उतरवायची गरज नसते. आणि भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटात ओल दिसत असेल तर बघ की तिथं कधी सिमेंटचा गिलावा मारलाय का. चुन्याची भिंत श्वास घेते, ओल आत आली तशी बाहेर टाकते, त्यावर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते आणि दगडाचे सांधे मोकळे करते. मी किती ठिकाणी पाहिलंय की दुरुस्ती म्हणून मारलेल्या सिमेंटनंच इमारत आजारी पाडलीय. पूर्वी गूळ, हिरडा घालून घाण्यात मळलेला चुना वापरायचे, गूळ तर आपल्याच मातीतला, हिरडा सह्याद्रीतला, आणि आपण मात्र दुकानातनं वॉटरप्रूफिंगचा डबा आणतो, असो.

अजून एक गंमत. महापालिका कायद्यात कलम २६४ आहे, पडायला आलेली इमारत काढून टाकायची नोटीस देण्याचं, आणि २६५-अ आहे, तीस वर्षांवरच्या इमारतीचं मजबुतीचं सर्टिफिकेट घ्यायचं. खाजगी घरमालकाला ह्या नोटिसा महापालिका देते. पण मंडईचा मालकच महापालिका असेल तर दुरुस्ती न करणारा पण तोच, धोकादायक म्हणणारा पण तोच आणि नवीन कॉम्प्लेक्सचं प्रीमियम घेणारा पण तोच. मी कुणाच्या हेतूवर शंका घेत नाही, पण मालकाचा रिपोर्ट हा मालकाचा रिपोर्ट असतो. म्हणून दुसरा रिपोर्ट पाहिजेच, आणि तो दगडी-लाकडी बांधकाम कळणाऱ्या माणसाकडनं. गाळेधारकांनी वर्गणी काढली तर एकेकाला एका दिवसाचा गल्ला पण लागणार नाही. ह्यात कंजूषपणा करू नका, कोर्टात पुढं हाच कागद तुम्हाला वाचवतो, वकिलाचं भाषण नाही.

कागद कसे काढायचे. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, तीस दिवस. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दात आणि एकाच विषयावर असावा लागतो, त्यामुळं सगळं एकात कोंबू नको, ऑडिटचा वेगळा, ठरावाचा वेगळा, दुरुस्तीच्या खर्चाचा वेगळा टाक. दुरुस्तीचा तर आवर्जून टाक, गेल्या पंधरा वर्षांत या इमारतीवर दरवर्षी काय खर्च केला आणि त्याच काळात गाळ्यांचं भाडं किती जमा झालं. हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडले की भाषणाची गरज राहत नाही. आणि अर्जाचीही वाट बघायला नको, २०१८ सालापासनं नियम आहे की दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकाला कार्यालयात जाऊन फाईल बघता येते. बहुतेकांना माहीतच नसतं. दोघांनी जायचं, एकानं वाचायचं एकानं पान नंबर लिहून घ्यायचा, बोलायचं गोड, चहा दिला तर प्यायचा. क्लार्क माणूस हा आपला शत्रू नव्हे, फाईल कुठं अडकलीय हे साहेबापेक्षा त्यालाच जास्त माहीत असतं.

फाईलमध्ये मुख्य शोधायचं ते असं की जागेचा वापर विकास आराखड्यात काय दाखवलाय. मंडई म्हणूनच आरक्षण असेल तर ते बदलायला एमआरटीपी म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्याचं कलम ३७ लागतं, त्याची जाहीर नोटीस निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. हा महिना म्हणजे सोनं. आणि हाच महिना मी स्वतः एकदा घालवलाय, तो किस्सा पुढं सांगतो. दुसरं म्हणजे जागा कुणाला लीजवर किंवा बीओटीवर (म्हणजे बांधा, वापरा, परत द्या) द्यायचा ठराव झालाय का, कारण महापालिकेची मालमत्ता द्यायची तर महापालिका कायद्याच्या कलम ७९ खाली सभागृहाची मंजुरी लागते. आपल्याकडं नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकच होता, त्या काळात काय-काय कागद पुढं सरकले ते सावकाश बघ. भांडायला समोर नगरसेवक नसला की लोकांना वाटतं काही चाललेलंच नाही.

किस्सा सांगतो. दुसऱ्या जिल्ह्यातलं एक शहर, नाव नको. अशीच मंडई, आमची समिती जबरदस्त, मोर्चाला पाच-सहा हजार माणूस, बायका बुट्ट्या डोक्यावर घेऊन आल्या होत्या, पेपरात पहिल्या पानावर फोटो. आम्ही खूष. आणि त्याच पेपरात, त्याच आठवड्यात, आतल्या पानावर बारीक अक्षरात वापर बदलाची नोटीस होती, ती आमच्यातल्या एकानंही वाचली नाही. महिना गेला. हरकती किती आल्या तर शून्य. पुढं कोर्टात समोरचा वकील शांतपणे म्हणाला की साहेब, जनतेची हरकतच नव्हती, आणि आम्ही पहिल्या पानाचा फोटो हातात धरून बसलो. तेव्हापासनं मी प्रत्येक समितीत एका माणसाला फक्त एकच काम देतो, रोज सकाळी पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचायच्या. रिटायर्ड शिक्षक मिळाले तर उत्तम, ते लाल पेनानं खुणा करून आणतात.

आपल्या कोल्हापूरचा प्रॉब्लेमच हा आहे. मोर्चा आपल्याला शिकवावा लागत नाही, दसरा चौकात या म्हटलं की येतात लोक, बिंदू चौकात सभा म्हटलं की भरतो चौक. टोलचंच बघ, एन. डी. पाटील सर, पानसरे अण्णा यांच्यासारखी माणसं पुढं, मागं सगळे पक्ष, सगळ्या पेठा, तालमी, वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी २०१५ संपता संपता टोल जाणार असं सरकारला जाहीर करावं लागलं. पण टोल ही रोज खिशाला लागणारी गोष्ट होती, नाक्यावरनं गेलं की आठवण व्हायचीच. इमारत गप्प असते. ती रोज थोडी-थोडी मरते आणि पावती पण फाडत नाही.

आता आपल्याच गावातली पाच उदाहरणं सांगतो, म्हणजे इमारत वापरात राहिली पाहिजे असं मी का म्हणतोय ते कळेल.

जयप्रभा स्टुडिओ. भालजी पेंढारकरांचा, १९४८ च्या जाळपोळीत जळून परत उभा केलेला. २०१२ च्या सुमाराला विक्रीची चर्चा झाली तेव्हा सगळं शहर उठलं, हेरिटेज दर्जा लागला, वाद वरच्या कोर्टांपर्यंत गेला आणि दर्जा टिकला. आपण म्हटलं जिंकलो. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत कळलं की जागा विकली गेलीय, परत उपोषण, परत धरणं. कारण हेरिटेज दर्जा हा इमारत पाडायला अडवतो, विकायला नाही. आणि तिथं शूटिंग सुरू करायला तर तो काहीच मदत करत नाही. कॅमेरा बंद पडला त्या दिवसापासनंच स्टुडिओ जायला लागला होता, आपण दहा वर्षांनी एकदा जागे होतो एवढंच.

शाहू मिल घे. शाहू महाराजांनी १९०६ ला पाया घातला, २००३ ला मिल बंद पडली. ती कुणी पाडली नाही, स्मारक व्हायचंय म्हणून ठरलंय, चांगलं आहे. २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीत आत प्रदर्शनं भरली तेव्हा मी गेलो होतो, काय गर्दी होती, पोरं त्या दगडी भिंतींना हात लावून बघत होती. मग कार्यक्रम संपला आणि गेटला परत कुलूप. वाचवलेली इमारत कुलपात ठेवायची म्हणजे लोणच्याची बरणी उघडी ठेवण्यासारखं आहे, नासणारच. आपल्या पावसात कुलूपबंद छपराला चार-पाच वर्षं लई झाली.

आता उलटं बघ. सीपीआर, आपला सरकारी दवाखाना. १८८० च्या दशकातली इमारत, ब्रिटिश इंजिनिअर मेजर मँटच्या डिझाईनची, आणि आजही तिथं केसपेपरची लाईन लागते. कुणी तिला हेरिटेज म्हणून बघायला जात नाही, ताप आला म्हणून जातात, आणि म्हणूनच ती उभी आहे, कारण गळायला लागलं की ओरडणारी माणसं खाली असतात. समोरचं जुनं कोर्ट, न्यायालयं कसबा बावडा रोडच्या नव्या संकुलात गेली तेव्हा मला वाटलं आता हिचं काही खरं नाही. पण हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, ऑगस्ट २०२५ मध्ये, आणि ह्याच इमारतीत बसलं. चार दशकं वकील मंडळी भांडली ती बेंचसाठी, इमारतीसाठी नव्हे, पण इमारतीला नवीन आयुष्य मिळालं ते त्या भांडणातनं. उद्या शेंडा पार्कात बेंचची कायमची इमारत उभी राहिली की जुन्या कोर्टाचा प्रश्न परत येणार, तेव्हा आत्तापासनंच विचारायला पाहिजे की नंतर तिथं काय. कुणी विचारत नाही, मी दोन ठिकाणी विषय काढला तर लोक म्हणाले, आत्ता कुठं पेढे वाटलेत, थांबा की जरा.

आणि केशवराव. तिथं बोलायला घसा भरून येतो. १९१५ चं पॅलेस थिएटर, शेजारी खासबाग, कुस्ती आणि नाटक एका भिंतीला पाठ लावून, असं गाव दुसरं दाखव. १९५७ ला केशवराव भोसलेंचं नाव दिलं, आणि २०२४ च्या ८ ऑगस्टला रात्री जळलं, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर माणसं रडत होती, ती आर्किटेक्चरसाठी नव्हे, प्रत्येकानं तिथं काहीतरी बघितलेलं, गॅदरिंगला नाच केलेला, राज्य नाट्यला बापाचं काम बघितलेलं. म्हणूनच जसं होतं तसंच बांधा ही मागणी एका रात्रीत अख्ख्या गावाची झाली, समिती स्थापन करायच्या आधीच. बाकीच्या वास्तूंसाठी असं होत नाही, कारण तिथं कुणी कधी आत गेलेलंच नसतं.

पण केशवरावमधनं तुझ्यासारख्यानं शिकायचं ते वेगळं. जसं होतं तसं बांधायला जसं होतं त्याची मापं लागतात. तुझ्या मंडईची मापं कुणाकडं आहेत? शंभर टक्के सांगतो, पूर्ण नकाशा नसणार, असलाच तर सायटीशी जुळत नसणार. तेव्हा आर्किटेक्चर कॉलेजच्या पोरांना पकड, त्यांना असा प्रोजेक्ट पाहिजेच असतो, चार रविवार लावून प्रत्येक भिंत, कमान, तुळई, कौलांची रांग मोजून घ्या, फोटो काढा, गाळ्यावरच्या जुन्या पाट्यांचे पण काढा. हे आज कर. आगीची पण काळजी घे, २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार लायसन्सवाल्या एजन्सीचं सर्टिफिकेट वर्षातनं दोनदा, जानेवारी आणि जुलैला द्यावं लागतं, मंडईला ते आहे का बघ. आणि खरं सांगू, वायरिंगचा घोळ गाळेधारकच घालतात, एका पॉइंटवर चार फ्रीज. उद्या तिथं ठिणगी पडली तर सुंठीवाचून खोकला गेला म्हणणारे लोक आहेतच.

आता माणसांचं. गाळेधारकांची संघटना असते तिच्यात गाळेधारकच असतात, बाहेर पायरीवर बसणारी माळवं विकणारी बाई नसते. हे माझ्या मते सगळ्यात मोठं चुकतं. गाळेवाला म्हणतो ह्या बायका माझ्या दारात बसतात, बायका म्हणतात हा आमच्यावर पाणी मारतो, आणि मग प्रशासनाला दोघांना वेगवेगळं बोलावून वेगवेगळं आश्वासन द्यायला किती वेळ लागतो? पण भावा, मंडईत गिऱ्हाईक येतं ते तिच्यासाठी, करवीर-पन्हाळ्याकडनं सकाळच्या एसटीनं बुट्टी घेऊन येणाऱ्या मावशीच्या कोवळ्या मेथीसाठी, आणि जाता-जाता तुझ्याकडनं शेंगदाणे घेतं. ती उठली की तुझा गाळा पण उठला.

शिवाय तिच्याकडं तुझ्यापेक्षा भारी कायदा आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा, त्यात सर्व्हे पूर्ण होईपर्यंत उठवता येत नाही असं आहे, आणि परिशिष्टात तर असं आहे की जिथं पथविक्रेते पन्नास वर्षांहून जास्त काळ व्यवसाय करतायत तो नैसर्गिक बाजार हेरिटेज बाजार म्हणून जाहीर करायचा आणि त्यांना हलवायचं नाही. किती जणांनी हे वाचलंय? आपल्या कपिलतीर्थसारख्या मंडयांच्या भोवतीचे रस्ते बघ, बसणाऱ्यांच्या आज्या तिथंच बसत होत्या. हेरिटेज म्हटलं की आपल्याला कमान आणि घुमट दिसतो, ह्या कायद्यात बुट्टी घेऊन बसलेली बाई हेरिटेज आहे. पन्नास वर्षं सिद्ध कशी करायची तर जुन्या पावत्या, मतदार यादी, लग्नपत्रिकेवरचा पत्ता, पेपरातले जुने फोटो. तुझ्या आजोबांच्या ट्रंकेत बघ, भाडेपावत्यांची तार असेल, जुनी माणसं पावती फेकत नव्हती. शहर फेरीवाला समितीवर पथविक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात, त्यातला एक तरी तुमच्या बैठकीला आणून बसवा. आणि बैठक दुपारी दोनला घ्या, रात्री आठला घेतली तर ती बाई गावाला गेलेली असते.

हेरिटेज यादीचं विचारशील म्हणून सांगतो. २०२० ला मुंबई वगैरे सोडून राज्याला एकच बांधकाम नियमावली आली, तिच्यात हेरिटेजची वेगळी तरतूद आहे, श्रेणी एक, दोन, तीन. यादीत मंडई आहे का बघ. श्रेणी तीन असेल तर फार विसंबू नको, त्यात बदलाला बरीच मोकळीक असते. नसेल तर नाव घालायचा अर्ज कर, हेरिटेज समितीकडं जाईल, वेळ लागेल, पण अर्ज पेंडिंग आहे हेसुद्धा कोर्टात सांगता येतं. फक्त एक जपून, हेरिटेज हा शब्द गाळेधारकांच्या बैठकीत पहिल्या दिवशी उच्चारू नको. का ते सांगतो. शिवाजी पूल आठव. जुना पूल १८७० च्या दशकातला, त्याला पर्यायी पूल बांधायला घेतला आणि शेजारी ब्रह्मपुरीची टेकडी संरक्षित स्मारक, शंभर मीटरच्या आत बांधकाम नाही असा २०१० च्या कायदादुरुस्तीतला नियम, काम कित्येक वर्षं अर्धवट लटकलं. जानेवारी २०१८ मध्ये जुन्या पुलावरनं मिनीबस नदीत गेली, तेरा माणसं गेली. त्यानंतर ह्या गावात हेरिटेज हा शब्द शिवीसारखा झाला, आणि लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. टेकडीच्या पोटात सापडलेल्या वस्तू टाऊन हॉल म्युझियममध्ये आहेत, मला त्या प्रिय आहेत, पण तेरा माणसांच्या घरी जाऊन हे सांगायची माझी हिंमत नाही. कायदा जसा वाचवतो तसा आडवा पण येतो, आणि आडवा आला की वाचवणाऱ्यांवरच राग निघतो. म्हणून तुमची मागणी कधीही नुसती पाडू नका अशी ठेवू नका.

मग काय ठेवायची? पर्याय. तीन पानांचा, त्यात एक नकाशा. दुरुस्ती टप्प्याटप्प्यानं, एका वेळी एक रांग खाली, त्या रांगेची सोय तिथंच आवारात, पहिली रांग परत आल्याशिवाय दुसरी हलणार नाही. खर्चाचा अंदाज दुसऱ्या इंजिनिअरचा. संडास, पाणी, कचऱ्याला जागा, गाडी लावायला आवाराबाहेर कुठं सोय. पार्किंगचा प्रश्न खोटा नाही, महाद्वार रोडला सणाला गेलास तर कळेल, त्यामुळं तो उडवून लावू नका, उत्तर द्या. भाडं थोडं वाढवून द्यायची तयारी पण लिहा, हे ऐकून गाळेधारक माझ्यावर धावून येतील, पण वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यात बसून आम्ही इमारत जपतोय म्हणायला तोंड नसतं आपल्याला. अशी तीन पानं घेऊन आयुक्तांकडं गेलं की बोलणं बदलतं, मी पाहिलंय. विरोध करणाऱ्याला टाळता येतं, पर्याय आणणाऱ्याला निदान शेरा मारून फाईल खाली पाठवावी लागते, आणि शेरा म्हणजे कागद.

वडील म्हणतात ते पण ऐकून घे, ते वेडे नाहीत. नवीन गाळा खरंच मिळू शकतो. पण मापात मिळेल का, तळमजल्यावर मिळेल का, किती वर्षांनी? तात्पुरत्या शेडमध्ये गेलेले लोक मी नऊ वर्षं शेडमध्येच बघितलेत, त्यातल्या काही जणांनी धंदाच बदलला, एक जण आता रिक्षा चालवतो. काहीही झालं तरी आत्ताच्या गाळ्याचं माप मोजून, अधिकाऱ्याच्या सहीनं, प्रत्येकाच्या हातात पाहिजे, मोजणी न होता हलला त्याचं कुणी ऐकत नाही.

कोर्ट. वकील चुकीचं सांगत नाही, घाई करतोय. आता बेंच गावातच आहे, मुंबईच्या रात्रीच्या गाडीचा खर्च आणि लॉजचं भाडं वाचलं, त्यामुळं उठसूट जायचा मोह होणार. दुसरा रिपोर्ट, हरकतीची पोच, पर्यायाची पोच, हे तीन कागद हातात असतील तेव्हा जा, आधी नाही. आणि उशीर पण करू नको, पाडकामाची वर्क ऑर्डर निघाल्यावर गेलास तर पहिला प्रश्न येतो की इतके दिवस कुठं होता. फक्त खाली करायची नोटीस आली तर मात्र बाकी कशाची वाट बघायची नाही, त्याच दिवशी वकिलाला गाठ.

मोर्चा शेवटी ठेव असं म्हणत नाही, पण एकदाच काढायचा असं धरून ठेव, आणि हरकतीच्या महिन्यात काढ, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाकडनं तिथंच हरकतीच्या फॉर्मवर सही घेता येते. टेबल टाकायचं, चार पोरं बसवायची, आधी सही मग घोषणा. तालमीतल्या पोरांना हे काम द्या, त्यांना आवडत नाही पण करतात.

बाकी ह्या सोमवारी तीनला जाऊन ये. ऑडिटच्या रिपोर्टाचं चाचण्यांचं पान आणि वर्गवारी लिहिलेलं शेवटचं पान, दोन्हीचा फोटो मला पाठव, बघून सांगतो खरंच पडायला आलीय का, आणि आली असेल तर तसंही सांगेन, मग मात्र वडिलांना घेऊन पहिल्यांदा बाहेर पडायचं, भांडण बाहेर राहून करू. तोवर एक काम कर, छपराच्या पन्हळीत पिंपळ उगवला असेल, असतोच. वरवर कापू नको, परत फुटतो, मुळाशी औषध घालायला माणूस बोलव, आणि त्याची पावती संघटनेच्या नावानं घे.